सूडनाट्यातील कवटीची कुळकथा

हातात कवटी घेतलेला नायक म्हटले की हॅम्लेटच डोळ्यांपुढे येतो. परंतु ही कवटी रंगभूमीवर आली ती धर्माचारातून. ख्रिस्ती साधकाने ध्यानाच्या वेळी कवटी समोर ठेवावी, धनिकाने तिची आकृती कोरलेली अंगठी घालावी आणि आपणही मर्त्य आहोत याचे भान राखावे, अशी मृत्युस्मरणाची प्रथा युरोपात रूढ होती. होल्बाइनने 1533 मध्ये दोन राजदूतांच्या वैभवशाली चित्रात एका बाजूने पाहिल्यावरच ओळखू येणारी कवटी रंगवली, तीही याच परंपरेतली.

स्वकीयाच्या खुनाचा बदला घेता घेता नायक स्वतःही बहुधा बळी जातो, अशा शोकांतिकेला सूडनाट्य म्हणतात. 1580 नंतरच्या दशकात टॉमस किडच्या ‘द स्पॅनिश ट्रॅजेडी’ने हा प्रकार इंग्लंडमध्ये रुजवला. त्यात कवटी नाही, पण तिची पूर्वज शोभेल अशी वस्तू आहे: इतरांना न्याय देणारा हिएरोनिमो स्वतः न्यायाला पारखा होतो, तेव्हा मुलाच्या रक्तात भिजवलेला रुमाल तो सूड पुरा होईपर्यंत जवळ बाळगतो आणि अखेरीस दरबाराला पुराव्यादाखल दाखवतो.

1600 च्या सुमारास शेक्सपिअरने सूडनाट्यात कवटी आणली खरी, पण तिला सूडाच्या कामी जुंपले नाही. सॅक्सो ग्रॅमॅटिकसच्या जुन्या डॅनिश कथेत नसलेल्या दफनभूमीच्या प्रवेशात हॅम्लेटच्या हाती येते ती बापाची कवटी नव्हे, तर त्याला लहानपणी पाठीवर बसवून खेळवणाऱ्या योरिक या विदूषकाची. आणि ती पाहून त्याला सूड नव्हे, अलेक्झांडरचीही शेवटी मातीच झाली हे आठवते. (जगावे की मरावे हे स्वगत लोक याच कवटीला चिकटवतात, वस्तुतः ते तिसऱ्या अंकातले आहे आणि कवटी येते पाचव्यात.)

1607 मध्ये लेखकाच्या नावाविना छापलेल्या ‘द रिव्हेंजर्स ट्रॅजेडी’ने मात्र कवटीला सूडाचे हत्यारच केले. हे नाटक पूर्वी टर्नर या नाटककाराचे मानत. आता बहुतेक अभ्यासक ते मिडल्टनचे मानतात. आपल्या वासनेला नकार दिला म्हणून ड्यूकने विष देऊन मारलेल्या ग्लोरिआनाची कवटी तिचा प्रियकर व्हिंडिचे नऊ वर्षे जवळ ठेवतो, तिला स्त्रीवेष चढवतो, तोंडाला विष माखतो आणि अंधाऱ्या जागी कामातुर ड्यूकपुढे उभी करतो. तिचे चुंबन घेताच ड्यूकचे दात झडू लागतात. विषाने मेलेली स्त्री विषानेच मारते, हा काव्यगत न्याय येथे बीभत्स आणि हास्यास्पद एकाच वेळी होतो, आणि नाटककाराला तेच हवे असावे. विशेष म्हणजे सूड येथेच, तिसऱ्या अंकात, पुरा होतो व त्यानंतर कवटी रंगमंचावर दिसत नाही. खून मात्र चालूच राहतात, आणि शेवटी स्वतःच्या चातुर्याची फुशारकी मारून व्हिंडिचे आपणहून देहदंड ओढवून घेतो.