अनाम सैनिकाची मायबोली

पॅरिसच्या 'आर्क द ट्रियॉम्फ'खाली एक अनाम सैनिक पुरलेला आहे. पहिल्या महायुद्धात ओळख न पटलेल्या सैनिकांच्या आठ शवपेट्या वर्दँ इथं मांडल्या होत्या. १० नोव्हेंबर १९२० रोजी एका तरुण सैनिकानं त्यांतल्या एकीवर फुलं ठेवली आणि ती साऱ्या फ्रान्सची झाली. आत कोण आहे, हे आजही कुणाला ठाऊक नाही.

माथ्यू वादपिए यांचा 'तिरायर' (२०२२) हा चित्रपट इथंच बोट ठेवतो. तो माणूस आफ्रिकेतला असेल तर?

गोष्ट साधी आहे. १९१७. सेनेगलमधला गुराखी बकारी दियालो. फ्रेंच सैन्य गावात शिरून त्याच्या पोराला, तियेर्नोला, पकडून नेतं. पोराला एकटं सोडायचं नाही म्हणून बाप आपणहून भरती होतो. फ्रान्ससाठी लढायला नव्हे, पोराला पळवून घरी न्यायला.

या दोघांना 'सेनेगाली तिरायर' म्हणत. नाव सेनेगलचं, पण या फौजेत आजच्या माली, गिनी, बुर्किना फासो अशा कितीतरी मुलखांतले लोक होते. १८५७पासूनची ही फौज. पहिल्या महायुद्धात पश्चिम आफ्रिकेतून सुमारे २ लाख माणसं घेतली गेली, त्यांतली ३०,०००च्या आसपास मेली. सगळी काही राजीखुशीनं गेली नव्हती. आजच्या बुर्किना फासो आणि माली भागात १९१५-१६मध्ये या सक्तीविरुद्ध मोठा उठाव झाला होता. दुसरीकडे, फ्रेंच संसदेत निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन ब्लेज दियान्य यांनीच १९१८मध्ये गावोगावी फिरून हजारो तरुण भरती केले. युद्धात रक्त सांडलं की नागरिकाचे हक्क मिळतील, हा त्यांचा हिशेब. इतिहास असा अडचणीचा असतो.

पडद्यावर काळे चेहरे दिसले म्हणजे प्रतिनिधित्व झालं, असं आपण पटकन म्हणून टाकतो. 'तिरायर'चं मोठेपण मला भाषेत वाटतं. ओमार सी हा फ्रान्सचा लाडका स्टार इथं बहुतेक वेळ फुला भाषेत बोलतो. ती त्याच्या घरातलीच भाषा आहे. बकारीला फ्रेंच येत नाही, पोराला येते. म्हणून पोरगा अधिकाऱ्यांच्या जवळ जातो, कॉर्पोरल होतो, आणि बापाला हुकूम सोडायची वेळ त्याच्यावर येते. पोरगा अजून जिवंत आहे, समोर उभा आहे, आणि तरी बापाच्या हातून निसटला आहे. बकारीचं दुःख तिथंच सुरू होतं. तोफा नंतरच्या.

शेवट मात्र मला खटकतो (पाहिला नसेल तर हा परिच्छेद सोडा). कमानीखालचा तो अनाम सैनिक बकारीच असेल, असं चित्रपट सुचवतो. कल्पना हलवून टाकणारी आहे खरी. पण ज्या माणसाला हे युद्ध कधी आपलं वाटलंच नाही, त्याला मेल्यावर फ्रान्सचा हुतात्मा करायचं? सन्मान तर मिळाला, पण गुरं राखणारा बकारी त्यात कुठं उरला? आणि गावात वाट पाहणाऱ्या आईच्या वाट्याला कॅमेरा फार थोडा वेळ येतो.

जानेवारी २०२३मध्ये चित्रपट फ्रान्समध्ये लागला. आफ्रिकेतल्या युद्धांबद्दल फ्रेंच लोकांना युक्रेनइतकं का वाटत नाही, असा मुद्दा ओमार सीनं त्या वेळच्या एका मुलाखतीत काढला, तर उजव्या गोटातून त्याच्यावर टीकेची झोड उठली. काळ्या नटानं पडद्यावर फ्रान्ससाठी मरावं, त्यापुढं बोलू नये, असाच तो सूर.

त्याच सुमारास सरकारनं एक नियम शिथिल केला. हयात असलेल्या म्हाताऱ्या तिरायरांना वृद्धत्वाचा भत्ता हवा असेल, तर वर्षातले सहा महिने फ्रान्समध्ये काढावे लागत. नातवंडं सेनेगलमध्ये, हे पॅरिसजवळच्या वसतिगृहातल्या खोलीत. आता ती अट गेली. हे पहिल्या महायुद्धातले नव्हेत, इंडोचायना आणि अल्जेरियात लढलेले. म्हणजे फ्रान्सच्या दुसऱ्या वसाहतींतले लोक स्वातंत्र्यासाठी उठले, तेव्हा त्यांच्यावर बंदूक रोखायला पाठवलेले.

एप्रिल २०२३मध्ये त्यांच्यातले नऊ जण विमानानं डकारला कायमचे परतले. सगळ्यांनी ऐंशी ओलांडलेली होती.