प्लॅटफॉर्म कामगार कायदे (भारत)

अ‍ॅपवरून काम मिळणारे टॅक्सीचालक, डिलिव्हरी करणारे, घरपोच सेवा देणारे कारागीर यांच्या संरक्षणासाठीचे कायदे. नीती आयोगाच्या २०२२ मधील अहवालानुसार देशात २०२०-२१ मध्ये सुमारे ७७ लाख गिग कामगार, म्हणजे कायम नोकरीऐवजी सुट्या कामांवर कमावणारे, होते.

वादाचे मूळ मालक कोण, या प्रश्नात आहे. कंपन्या या माणसांना ‘पार्टनर’ म्हणतात. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी लागू होत नाही. मात्र दर ठरतो अ‍ॅपवर. ऑर्डर नाकारल्या की रेटिंग आणि इन्सेंटिव्ह घसरतो, आणि एखाद्या सकाळी आयडीच बंद झालेला असतो. दाद मागायची तर समोर माणूस नसतो. कायद्याने बांधले तर कामगारांची वेळेची मुभा जाईल, हा कंपन्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण अपघात विम्याने ती कशी जाते, हे त्यांनी पटवून दिलेले नाही.

यावरचा तोडगा महाराष्ट्रात जुना आहे. बाजारातला हमाल दिवसभरात अनेक व्यापाऱ्यांची पोती उचलतो, त्याचा एक मालक दाखवता येत नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने तो वाद बाजूला ठेवला: मंडळाकडे नोंदणी, व्यापाऱ्याने मजुरीसोबत लेव्हीही मंडळात भरायची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी.

राजस्थानने २०२३ मध्ये देशातला असा पहिला कायदा केला, तो याच धर्तीवर: त्रिपक्षीय मंडळ, प्रत्येक व्यवहारावर शुल्क, कामगाराला स्वतंत्र ओळखक्रमांक. पुढे सत्तांतर झाले आणि अंमलबजावणी रेंगाळली. कर्नाटकाचा २०२५ चा कायदा एक पाऊल पुढे जातो. कामगाराला दिलेल्या मोबदल्यावर १ ते ५ टक्के शुल्क तर आहेच. शिवाय काम बंद करण्यापूर्वी कारणासह १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते, आणि काम, रेटिंग कोणत्या निकषांवर ठरते तेही सांगावे लागते. कामगाराच्या दृष्टीने मोलाचा भाग हाच.

केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यानुसार अ‍ॅग्रिगेटरने (काम जुळवून देणाऱ्या कंपनीने) वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम निधीत भरायची. कमाल मर्यादा कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या ५ टक्के. विमा, आरोग्य, वृद्धापकाळ यांसाठीच्या योजना त्यातून अपेक्षित आहेत. किमान मोबदला किंवा बंद केलेला आयडी याबाबत या संहितेत तरतूद नाही.