फ्लॉरेन्समध्ये दोन दिवस: डेव्हिड, चाळीस लाख विटांचा घुमट आणि कोल्हापूरच्या महाराजांचं स्मारक!

इटलीच्या सहलीत रोमला तीन दिवस, व्हेनिसला एक दिवस आणि मधे कुठेतरी फ्लॉरेन्सला चार तास, असा बेत बऱ्याचदा आखला जातो. चार तासांत घुमटासमोर फोटो होतो, डेव्हिडच्या प्रतिकृतीसोबत सेल्फी होतो आणि निघायची वेळ होते. पण फ्लॉरेन्ससाठी दोन दिवस राखून ठेवले, तर हे शहर नीट उलगडतं. शिवाय मराठी माणसासाठी इथे एक खास जागा आहे, जी सहसा कुठल्याच पॅकेजमध्ये नसते. तिच्याकडे शेवटी वळूया.

जाण्याआधी एवढं ठरवा

रोमहून वेगवान रेल्वेने साधारण दीड तासात फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला स्टेशनवर पोहोचता येतं. जुनं शहर तिथून चालत दहा मिनिटांवर आहे आणि ते पायीच पाहायचं असतं.

उफीझी आणि अकादेमिया ही दोन्ही मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. त्यामुळे दोन दिवसांत सोमवार येत असेल, तर तारखा बदललेल्या बऱ्या. या दोन्ही ठिकाणांची आणि घुमटावर चढण्याची वेळ आधीच ऑनलाइन बुक करावी, नाहीतर निम्मा दिवस रांगेत जातो. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. शाकाहारी असाल तर शिळा पाव, भाज्या आणि घेवडा शिजवून केलेलं 'रिबोलिता' किंवा टोमॅटो आणि पावाचं 'पाप्पा आल पोमोदोरो' मागवा. दोन्ही इथले अस्सल घरगुती पदार्थ आहेत. सूप मांसाच्या पाण्यात केलेलं नाही ना, एवढं मात्र विचारून घ्या.

पहिला दिवस: घुमट, डेव्हिड आणि पूल

सकाळी सर्वांत आधी कॅथेड्रल गाठा. याचं बांधकाम १२९६ मध्ये सुरू झालं. भिंती उभ्या राहिल्या, पण वर सुमारे ४५ मीटर रुंदीचं भगदाड तसंच राहिलं, कारण एवढा मोठा घुमट बांधायचा कसा हे कुणालाच माहीत नव्हतं. जमिनीपासून सेंटरिंग लावायचं, तर लाकूड आणायचं कुठून?

१४१८ मध्ये स्पर्धा जाहीर झाली. फिलिप्पो ब्रुनेलेस्की या मूळच्या सोनाराने सांगितलं, की जमिनीपासून आधार न देता घुमट बांधता येईल. त्याने एकात एक असे दोन घुमट योजले. विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचल्या, त्यामुळे चुना सुकेपर्यंत प्रत्येक थर स्वतःला धरून राहायचा. १४२० ते १४३६ या सोळा वर्षांत चाळीस लाखांहून अधिक विटा वर चढल्या. विटांच्या बांधकामातला हा आजही जगातला सर्वांत मोठा घुमट मानला जातो. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. पायऱ्या दोन घुमटांच्या मधल्या पोकळीतून जातात, त्यामुळे ही रचना जवळून पाहता येते.

तिथून थोडं चाललं की अकादेमिया. इथला मायकेलअँजेलोचा डेव्हिड ५.१७ मीटर उंच आहे. ज्या संगमरवरातून तो घडला, तो दगड आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडून दिलेला होता आणि कित्येक वर्षं उघड्यावर पडून होता. १५०१ मध्ये मायकेलअँजेलोने तो हाती घेतला, तेव्हा त्याचं वय होतं २६. पुतळा १८७३ पर्यंत सिन्योरिया चौकात ऊन-पाऊस झेलत उभा होता. आज त्या चौकात दिसते ती प्रतिकृती.

संध्याकाळी आर्नो नदीवरच्या पोन्ते वेक्यो या पुलावर जा. हा पूल १३४५ चा. आधी इथे खाटकांची दुकानं होती. वास सहन होईना म्हणून १५९३ मध्ये ती हलवून सोनारांना जागा दिली गेली. सराफी दुकानं आजही तिथेच आहेत. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातले बाकीचे पूल उडवले, हा एकटा वाचला. पलीकडच्या पियाझ्झाले मायकेलअँजेलो या टेकडीवरून सूर्यास्ताच्या वेळी अख्खं शहर दिसतं.

दुसरा दिवस: उफीझी आणि सांता क्रोचे

'उफीझी' म्हणजे कचेऱ्या. १५६० मध्ये मेदिची घराण्याच्या कोसिमोने सरकारी कचेऱ्यांसाठी ही इमारत बांधायला घेतली. पुढे घराण्याचा कलासंग्रह इथे आला. बोतिचेल्लीचं 'व्हीनसचा जन्म' इथेच आहे.

पण हा संग्रह इथेच कसा राहिला? १७३७ मध्ये मेदिची घराण्यातला शेवटचा सत्ताधारी निपुत्रिक वारला आणि राज्य परक्या लॉरेन घराण्याकडे गेलं. तेव्हा त्याची बहीण आन्ना मारिया लुईझा हिने नव्या राज्यकर्त्यांशी करार केला. त्यानुसार घराण्याचा संग्रह त्यांना मिळणार होता, पण त्यातली एकही वस्तू फ्लॉरेन्सबाहेर न्यायची नाही, या अटीवर. संग्रह राज्याचं भूषण राहावा, लोकांना उपयोगी पडावा आणि परदेशी पाहुण्यांना खेचून आणावा, असं कारणही करारात लिहिलेलं आहे. आज फ्लॉरेन्स ज्या पर्यटनावर उभं आहे, त्याचं बरंचसं श्रेय या करारालाच जातं.

दुपारी सांता क्रोचे चर्च पाहा. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या समाध्या इथे आहेत. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात या परिसरात सहा मीटरहून जास्त पाणी चढलं होतं. चिखलातून पुस्तकं आणि चित्रं वाचवायला देशोदेशीचे तरुण धावून आले. शहर त्यांना आजही 'चिखलातले देवदूत' म्हणून ओळखतं.

आणि आता कोल्हापूर!

शहराच्या पश्चिमेला काशीने नावाचं सुमारे साडेतीन किलोमीटर लांब उद्यान आहे. त्याच्या अगदी शेवटच्या टोकाला, जिथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते, तिथे एका छत्रीखाली पगडी घातलेल्या तरुणाचा अर्धपुतळा आहे. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज.

समुद्र ओलांडणं निषिद्ध मानलं जाण्याच्या काळात, १८७० मध्ये ते इंग्लंडला गेले. तिथे राणी व्हिक्टोरियाला भेटले. प्रवासभर ते इंग्रजीत डायरी लिहीत होते. परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये त्यांची तब्येत ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस.

सोबतच्या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला अंत्यसंस्काराचा. तेव्हाच्या इटलीत प्रेत पुरण्याचीच रीत होती. मिलानमधलं दाहगृहसुद्धा १८७६ मध्ये सुरू झालं. तरीही शहराने खास परवानगी दिली. नद्यांचा संगम शोधला गेला आणि तिथेच रात्री हिंदू पद्धतीने दहन झालं. १८७४ मध्ये त्याच जागी हे स्मारक उभं राहिलं. पुतळा इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर याचा. महाराजांची डायरी १८७२ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली आणि कोल्हापुरातलं राजाराम कॉलेज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

फ्लॉरेन्सकर या जागेला नुसतं 'इंदियानो', म्हणजे 'भारतीय', म्हणतात. १९७० च्या दशकात जवळच बांधलेल्या मोठ्या पुलालाही तेच नाव मिळालं. त्यामुळे तिथे रस्ता विचारताना 'राजाराम' म्हणू नका, 'इंदियानो' म्हणा. उद्यान लांब असल्याने सायकल भाड्याने घेतलेली बरी. घरापासून हजारो मैल दूर गेलेल्या एका विशीतल्या मराठी राजाला या शहराने त्याच्या रीतीने निरोप दिला. दुसऱ्या दिवसाचे शेवटचे दोन तास त्या संगमासाठी नक्की राखून ठेवा.