उस्तादांचा कान आणि इंजेक्शनची गाडी

1958 साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने कार्ब्युरेटर नसलेल्या काही गाड्या बाजारात आणल्या. त्यांत बेंडिक्स कंपनीची 'इलेक्ट्रोजेक्टर' ही यंत्रणा विजेच्या इशाऱ्यावर पेट्रोल मोजून इंजिनाला देत असे. अशा जेमतेम 35 गाड्या बनल्या. उष्णता आणि हादरे यांपुढे त्या काळातले इलेक्ट्रॉनिक भाग टिकेनात. शेवटी बहुतेक गाड्यांमधून ही यंत्रणा काढून पुन्हा कार्ब्युरेटर बसवावे लागले. आज जुन्या गाड्यांचे शौकीन कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवतात. इतिहासाची सुरुवात मात्र उलट्या दिशेने झाली होती.

कार्ब्युरेटर हरला नाही, कारण तो साधा होता. हवेच्या वाटेत एक चिंचोळा गळा असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि बारीक जेटमधून पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. ना वीज, ना मेंदू. पण एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, आणि हे प्रमाण कार्ब्युरेटरला सदासर्वदा सांभाळता येत नाही. थंडीत सकाळी चोक ओढावा लागतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा विरळ होते, पेट्रोल जास्त पडते आणि प्लग काळे होतात. कार्ब्युरेटरला हे कळत नाही. ते कळावे लागते माणसाला.

तो माणूस म्हणजे उस्ताद. आपल्याकडच्या गॅरेजांत हा शब्द हिंदू-मुसलमान सगळेच वापरतात. इंजिन चालू ठेवून, एका हातात स्क्रू-ड्रायव्हर धरून, मान तिरपी करून आवाज ऐकणारा उस्ताद आपण सर्वांनी पाहिला आहे. स्क्रू पाव फेरा आत, अर्धा फेरा बाहेर. इंजिन एका लयीत आले की हात थांबतो. ही विद्या पुस्तकात नव्हती. ती शागीर्दाने उस्तादाजवळ वर्षानुवर्षे बसून उचलायची. शाळा सुटलेल्या कितीतरी मुलांची घरे या विद्येने चालवली.

मग कार्ब्युरेटर गेला कशामुळे? फक्त जास्त चांगली वस्तू आली म्हणून नव्हे. बेंडिक्सचे पेटंट पुढे जर्मनीच्या बॉशकडे गेले. 1967 साली बॉशची 'डी-जेट्रॉनिक' यंत्रणा फोक्सवॅगन 1600 मध्ये आली, ती मुख्यतः अमेरिकेतल्या ग्राहकांसाठी, कारण तिथे धुरावर कायद्याने मर्यादा येत होत्या. 1976 मध्ये व्होल्वोने धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर बसवला. जळून गेलेल्या हवेची खबर आता इंजिनाकडे परत येऊ लागली आणि पेट्रोलचे प्रमाण क्षणोक्षणी सुधारता येऊ लागले. कायद्याने दार ठोठावले तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स तयार होते. 1958 साली या दोन्ही गोष्टी नव्हत्या.

भारतातही तसेच घडले. एप्रिल 1999 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या खाजगी गाड्यांसाठी युरोपीय धर्तीचे प्रदूषण-नियम लवकर लागू करण्याचा आदेश दिला. 2000 पासून देशभर नवे नियम आले. त्याच सुमारास मारुती 800 वर 'एमपीएफआय' ही अक्षरे दिसू लागली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणारी, 1089 सीसी इंजिनाची प्रीमियर पद्मिनी मात्र नव्या शतकाच्या उंबरठ्यावर बंद पडली. टॅक्सी म्हणून ती सीएनजी किट लावून तग धरून होती. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. एप्रिल 2020 च्या बीएस-6 नियमांनी बहुतेक नव्या मोटरसायकलींचाही कार्ब्युरेटर काढून घेतला.

आज कोणी हौसेने अशा पद्मिनीला इंजेक्शन बसवायचे ठरवले, तर नुसता एक भाग बदलून भागत नाही. जुना पंप देतो त्याच्या दहापट, म्हणजे सुमारे 3 बार दाब देणारा विजेचा पंप लागतो. तो दाब पेलणाऱ्या नळ्या लागतात, नाहीतर आगीची भीती. सायलेन्सरच्या पाइपात प्राणवायूचा सेन्सर, क्रँकच्या पुलीवर दातेरी चाक, पाण्याचे तापमान सांगणारा सेन्सर आणि या सगळ्यांचे ऐकून निर्णय घेणारा छोटा संगणक. जुना डायनमो असेल तर अल्टरनेटर. वायरिंग आणि अर्थिंग तर नव्यानेच. शेवटी लॅपटॉप जोडून पेट्रोलचा तक्ता भरायचा. पूर्वी जे उस्तादाच्या कानात होते, ते आता या तक्त्यात असते.

इथे माझ्यातला शिक्षक अस्वस्थ होतो. आठवी-नववीत शाळा सोडून गॅरेजात जाणारी मुले मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. घरचे म्हणतात, "हुनर हाताला लागला की रोटी मिळते." ते कार्ब्युरेटरच्या काळात खरे होते. आज स्कॅनर इंग्रजीत बोलतो, वायरिंगचा नकाशा वाचावा लागतो, टक्केवारी आणि दाब समजावा लागतो. वाचता न येणारा शागीर्द कितीही हुशार असला, तरी तो चाके खोलण्यापुरताच उरतो.

पण उस्तादांचा कान निकामी झाला, असे मी म्हणणार नाही. माझा एक जुना विद्यार्थी बारावीनंतर आयटीआय करून गॅरेजात लागला. एका गाडीवर स्कॅनर सांगत होता की पेट्रोल कमी पडते आहे. तो प्राणवायूचा सेन्सर बदलायला निघाला. त्याच्या उस्तादांनी बॉनेटवर वाकून ऐकले आणि म्हणाले, "बेटा, सेन्सर सच बोल रहा है. हवा कहीं और से आ रही है." इनटेकच्या गॅस्केटमधून बारीक सूं आवाज येत होता. गॅस्केट बदलले, गाडी सुधारली.

स्कॅनरने लक्षण सांगितले, कारण कानाने शोधले. हे दोन्ही एकाच मुलाच्या अंगी यायला हवे. म्हणून गॅरेज लावण्याआधी मुलाची दहावी होऊ द्या, जमल्यास आयटीआयही. आणि शाळेतून आलेल्या मुलाला उस्तादाजवळ बसू द्या. हवा आणि पेट्रोल यांचे 14.7 चे गणित पद्मिनीच्या काळात होते तेच आजही आहे. ते ऐकून समजणारी पिढी आपल्याकडे आहे. तिच्याजवळ बसून ते लिहून घेणारी मुले आपल्याला घडवायची आहेत.