शास्त्रज्ञांचा डेटा जगाला फुकट मिळतो, पण त्याचं बिल कोण भरतं?

२०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा सगळी चर्चा एआयची झाली. पुरस्काराचा अर्धा वाटा मिळालेल्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांच्या अल्फाफोल्डने प्रोटीनचे आकार अचूक ओळखून दाखवले होते. एरवी एकेका आकारासाठी प्रयोगशाळेत महिने, कधी कधी वर्षं जातात. पण अल्फाफोल्ड हे शिकला कुठून? तर प्रोटीन डेटा बँक नावाच्या जुन्या डेटाबेसमधून.

ही बँक १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत सुरू झाली. तेव्हा तिच्यात प्रोटीनच्या रचना होत्या फक्त ७. आज त्या २ लाखांहून जास्त आहेत. कोणत्याही देशातल्या लॅबने रचना शोधली की इथे जमा करायची, आणि ज्याला हवी त्याने फुकट घ्यायची. ही पद्धत आपोआप पडलेली नाही. सुरुवातीला अनेक जण डेटा स्वतःजवळच ठेवायचे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस शास्त्रज्ञांनीच याविरुद्ध आवाज उठवला. मग जर्नल्सही अडून बसली, आधी डेटा जमा करा, मगच पेपर छापू.

त्याचा फायदा कोरोनात दिसला. फेब्रुवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी विषाणूच्या एका कळीच्या प्रोटीनची रचना बँकेत टाकली. त्यांचा पेपर छापून यायच्या आधीच ती जगभरातल्या औषध शोधणाऱ्यांच्या हातात होती. फायझरची पॅक्सलोविड ही गोळी नेमकं तेच प्रोटीन अडवते.

आता पैशांचं बघू. बँकेच्या अंदाजानुसार एक रचना प्रयोगशाळेत शोधायला सरासरी १ लाख डॉलर लागतात. म्हणजे २ लाख रचना नव्याने शोधायच्या तर २,००० कोटी डॉलर. बँक सांभाळायला वर्षाला याच्या एक टक्काही लागत नाही. तरीही हे पैसे मिळवताना दमछाक होते, आणि ती फक्त या बँकेची नाही.

कारण संशोधनाचे पैसे येतात ग्रँटमधून. ग्रँट बहुतेक वेळा तीन ते पाच वर्षांची असते, आणि ती मिळते नव्या शोधासाठी. डेटाबेसचं काम याच्या अगदी उलट आहे. आलेली माहिती तपासायची, चुका दुरुस्त करायच्या, सर्व्हर चालू ठेवायचे, आणि हे दरवर्षी करायचं. "यंदा नवीन काय केलं?" या प्रश्नाला "गेल्या वर्षी केलं तेच, नीट केलं" एवढंच उत्तर असतं. गावाच्या विहिरीसारखं आहे हे. पाणी सगळ्यांना हवं असतं, गाळ उपसायची वर्गणी मागितली की घरात कुणी नसतं.

१९९६ मध्ये स्वित्झर्लंडच्या स्विस-प्रॉट या प्रोटीनच्या डेटाबेसवर हीच वेळ आली. निधी संपत आला, तेव्हा तो उभा करणाऱ्या आमोस बैरोख यांनी इंटरनेटवर जाहीर केलं की पैसे मिळाले नाहीत तर हे बंद होईल. जगभरातून पाठिंब्याचे संदेश आले आणि तात्पुरती सोय झाली. पुढे १९९८ मध्ये स्विस इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फॉर्मेटिक्स ही संस्था उभी राहिली. कंपन्यांकडून काही वर्षं परवान्याचे पैसेही घेतले गेले. आज तो डेटाबेस युनिप्रॉटचा भाग आहे आणि सगळ्यांना फुकट आहे.

टेअरला मात्र फुकटपणा सोडावा लागला. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस या छोट्या रोपाची माहिती ठेवणारा हा डेटाबेस. वनस्पतींच्या अभ्यासात या रोपाला तोड नाही. पण अमेरिकी सरकारी निधी टप्प्याटप्प्याने थांबला, आणि २०१३ नंतर टेअर वर्गणीवर गेला. विद्यापीठं पैसे भरतात आणि वर्षभराने माहिती सगळ्यांसाठी खुली होते. मार्ग चालला, पण गरीब विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने ते वर्षभर काय करायचं?

आणखी एक गोम आहे. वापर सगळं जग करतं, पण पैशांचा मोठा भार मोजक्या देशांवर, त्यातही अमेरिकेवर असतो. २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने हार्वर्ड विद्यापीठाच्या ग्रँट रद्द केल्या. त्या तडाख्यात फळमाशीच्या जनुकांची माहिती ठेवणारा फ्लायबेसही सापडला. भांडण होतं सरकार आणि विद्यापीठाचं, पण माणसं कमी करावी लागली फ्लायबेसला, आणि वापरणाऱ्या लॅबकडे पैशांसाठी आवाहन करावं लागलं.

निधी देणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन २०२० मध्ये ग्लोबल बायोडेटा कोअलिशन स्थापन केलं, ते हा भार वाटून घेता येईल का, हे पाहायला. २०२२ च्या अखेरीस त्यांनी ३७ डेटाबेसची पहिली यादी काढली, ज्यांच्यावाचून जीवशास्त्राचं काम अडेल असे. यादीत नाव आलं म्हणून पैसे मिळतात असं मात्र नाही.

भारतातले संशोधकही वर्षानुवर्षं आपला डेटा अमेरिका आणि युरोपच्या डेटाबेसमध्येच ठेवत आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये फरिदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरचं उद्घाटन झालं. ४ पेटाबाइट साठवण, 'ब्रह्म' नावाचा सुपरकॉम्प्युटर आणि पैसे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाचे. जीनोम इंडिया प्रकल्पातल्या १०,००० भारतीयांच्या जनुकीय माहितीचं घर आता हेच आहे. इमारत आणि मशीनचा खर्च एकदाच होतो. डेटा तपासणाऱ्या माणसांचा पगार मात्र दर महिन्याला लागतो.