डराव डराव, परदेशी ताटं आणि १९८७ची बंदी

आजच्या भागात राजा नाही, किल्ला नाही, लढाईसुद्धा नाही. आज बेडूक. हसू नका, थांबा जरा.

माझं आजोळ कुंभार पिंपळगाव. तालुका घनसावंगी, जिल्हा जालना. समर्थ रामदासांचं जांब तिथून जवळच. लहानपणी सुट्टी संपायच्या सुमारास पहिला मोठा पाऊस पडायचा, लाईट जायची आणि शेताकडेच्या खड्ड्यांतून रात्रभर डराव डराव चालायचं. सकाळी बघावं तर हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळेधमक बेडूक, गळ्याला दोन्ही बाजूंनी निळे फुगे! हा बैलबेडूक. आपल्याकडचा सगळ्यांत थोराड. एरवी मातकट-हिरवा, पण विणीच्या त्या थोड्या दिवसांत नर असा रंग बदलतो. पाऊस येईना झाला की पोरं अंगाला लिंबाचा पाला बांधून धोंडी काढायची, त्यात मुसळाला बांधलेला बेडूकही हाच. (त्या बिचाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, हे खरं.)

तर याच बेडकाच्या मागच्या तंगड्या एकेकाळी देशाला डॉलर मिळवून देत होत्या.

१९५०च्या दशकात भारतातून बेडकांच्या तंगड्यांची निर्यात सुरू झाली. गिऱ्हाईक अमेरिका आणि युरोप. काम कसं चालायचं? पावसाळ्याच्या रात्री कंदील, बत्ती घेऊन माणसं शेतात उतरायची. डोळ्यांवर उजेड पडला की बेडूक जागच्या जागी थिजतो, मग तो हातानं उचलायचा आणि पोत्यात टाकायचा. पुढे फक्त तंगड्या कापून, गोठवून जहाजावर. बाकीचं धड फेकून द्यायचं, पुष्कळदा जिवंतच. १९८१ साली ही निर्यात चार हजार टनांच्या वर गेली होती. एका बेडकाच्या तंगड्यांचं वजन ते किती! आता हिशेब तुम्हीच मांडा. शिवाय पकड व्हायची ती नेमकी विणीच्या दिवसांत, म्हणजे अंडी घालण्याआधीच मादी पोत्यात.

इथे आपल्या मुंबईचा एक माणूस येतो. हुमायून अब्दुलअली. पक्षीतज्ज्ञ, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे कार्यकर्ते, सलीम अलींचे नातलग. १९५१चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. हा गृहस्थ बेडकाच्या पोटात काय सापडतं, ते बघत बसला. किडे, खेकडे, भाताचं नुकसान करणारी मंडळी. त्यांचं म्हणणं साधं होतं: शेतातला फुकटचा राखणदार विकायचा आणि मग कीटकनाशकावर पैसा घालवायचा, हा कुठला धंदा? मला विचाराल तर दयामायेच्या भाषणांपेक्षा हा हिशेबच सरकारला जास्त पटला असावा.

१९८५ मध्ये बैलबेडूक सायटिस या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला आणि १९८७ मध्ये भारतानं निर्यात बंद केली. युरोपातली ताटं मात्र रिकामी राहिली नाहीत. धंदा इंडोनेशियाकडे सरकला. आणि घरच्या घरी? गोव्यात पावसाळ्यात ‘जंपिंग चिकन’ नावानं चोरून खाणं चालतंच, वन खातं इशारे देतंच.

आता गंमत अशी, की लाल यादीत बैलबेडूक ‘कमी चिंता’ या रकान्यात आहे. अंदमानात तर माणसांबरोबर पोचलेला हाच बेडूक तिथल्या बेडकांना डोईजड झालाय, त्याची पिल्लं दुसऱ्यांची पिल्लं खातात. खरी टांगती तलवार आहे ती छोट्याशा जागेत अडकलेल्यांवर. सिंधुदुर्गातल्या आंबोलीचा वाघासारख्या पट्ट्यांचा भेक २००९ साली विज्ञानाला कळला आणि अतिसंकटग्रस्त ठरला. पहिल्या सरींनंतर मोजके दिवस त्याची वीण, आणि त्याच रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या. २०२३च्या जागतिक पाहणीत आठ हजारांवर उभयचर तपासले, त्यांतले सुमारे ४१ टक्के धोक्यात निघाले. सस्तन प्राणी आणि पक्ष्यांपेक्षाही यांची अवस्था वाईट.

पण ‘कमी चिंता’ हा सगळ्या जगाचा शिक्का, आपल्या शिवाराचा नव्हे. बंदीनं पोतं थांबवलं. खड्डा बुजवणारा जेसीबी ती कशी थांबवणार? बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे फवारणीचं पाणी थेट अंगात जातं. त्याला अंडी घालायला उथळ, मासे नसलेलं, पावसानं साचलेलं पाणी लागतं. आपण त्याला दिलं शेततळं: खोल, उभ्या काठाचं, प्लास्टिक अंथरलेलं. आत पडलेला बेडूक घसरत राहतो. मी स्वतः पाहिलंय, सकाळी तीन-चार मेलेले तरंगत होते.

मामांना म्हटलं, काठावरून काहीतरी सोडून बघा. मामा म्हणाले, “बेडकाला जिना करू व्हय रं आता?” पण यंदा त्यांनी जुनी तागाची पोती एकमेकांना शिवून एका कोपऱ्यात पाण्यापर्यंत सोडलीत, वर दगड ठेवून. परवा त्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पोत्यावर अर्ध्या वाटेत एक पिवळा गडी बसलाय.