सरोवराकाठची पायगाडी

परवा माझा एक जुना विद्यार्थी निरोप घ्यावयास आला होता. जपानातील बिवा सरोवराला सायकलींवरून प्रदक्षिणा घालणाऱ्या एका मंडळीत त्याने आपले नाव नोंदविले आहे. चार दिवसांचा प्रवास, सुमारे 200 किलोमीटरची वाट, रात्रीचे मुक्काम आधीच ठरलेले, आणि सर्वांचे सामानसुमान घेऊन एक मोटार मागून येणार! मी त्याला सहज म्हटले, "अरे, अंधेरीच्या माणसाने तळे पाहावयास जपानास कशाला जावे? मरोळ, साकीनाका ओलांडला की पवई." त्यावर तो म्हणाला, "सर, पवईच्या काठचा सायकलमार्ग कोर्टाने बेकायदा ठरविला ना!" त्याच्या स्वरात तक्रार होती. एके काळी ती माझीही होती. म्हणूनच, श्रोतेहो, आज तिची हकीकत सांगावीशी वाटते.

सायकलीला आमचे वडीलधारे 'पायगाडी' म्हणत. दोन्ही चाके सारखी असलेली आजच्या धर्तीची सायकल 1885 साली इंग्लंडात बाजारात आली आणि 1888 साली डनलॉपने तिला हवेची धाव दिली. परंतु मंडळी जमवून दूरच्या प्रवासास निघण्याची हौस त्याहूनही जुनी आहे. 1878 साली हॅरोगेट येथे सायकलप्रवाशांचा एक संघ निघाला. ह्या संघाने गावोगावच्या खाणावळवाल्यांशी सभासदांसाठी दर ठरवून घेतले व त्यांच्या दारांवर पंख असलेल्या चाकाची पाटी लावविली. थकल्याभागल्या स्वाराने ती पाटी पाहावी आणि निःशंकपणे उतरावे. माझ्या विद्यार्थ्यामागून येणारी मोटार ही त्या पाटीचीच नात म्हणावयास हरकत नाही.

आपल्या मुंबईकरांनी मात्र आरंभ केला तो असल्या कोणत्याही आधारावाचून. 15 ऑक्टोबर 1923 रोजी सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तुम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला व नरिमान कपाडिया ही त्यांची नावे. इराण, मेसोपोटेमिया, सिनाईचे वाळवंट, युरोप, अमेरिका, जपान, चीन असा फेरा करून हकीम, बापासोला व भूमगरा हे तिघे मार्च 1928 मध्ये मुंबईस परतले. एकंदर 71,000 किलोमीटरांची मजल त्यांनी मारली. शाळेत ही गोष्ट मी दरवर्षी सांगत असे, आणि दरवर्षी कोणीतरी विचारीच, "सर, पंक्चर कोण काढून देत असे?" प्रश्न हास्यास्पद खचित नव्हे, सगळे मर्म त्यातच आहे.

आता पवईकडे वळू. साष्टीतील ही तळी निसर्गाने दिलेली नव्हेत. तहानेने खणविलेली आहेत. 1854 च्या सुमारास मुंबईस पाण्याचे दुर्भिक्ष पडले, तेव्हा हेन्री कॉनिबेअर ह्या इंजिनीअराच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या उगमापाशी बांध घालून विहार तलाव करण्यात आला. 1856 मध्ये आरंभलेले ते काम 1860 मध्ये पुरे झाले आणि मुंबईस प्रथमच नळाचे पाणी मिळाले. पुढे 1879 साली तुळशी तलाव तयार झाला. पवईचा तलाव 1891 चा. घाईने बांधलेला, आणि दैव असे की त्याचे पाणी पिण्यास योग्य ठरले नाही! शहराने ज्याच्यासाठी त्याला जन्म दिला ते काम त्याच्या हातून झाले नाही, आणि तेव्हापासून ह्या तळ्याचे करावयाचे काय, हा प्रश्न प्रत्येक पिढीला पडत आला आहे. मगरींना मात्र तो कधी पडला नाही. त्या तेथे सुखाने राहिल्या.

आमच्या पिढीचे उत्तर होते सायकलमार्ग. महानगरपालिकेने तलावाभोवती सायकली व पादचारी यांच्यासाठी वाट बांधावयास घेतली. तारेच्या जाळीच्या पेट्यांत दगड भरून त्यांवर वाट करावयाची, म्हणजे पाणी आरपार जाईल, असे सांगण्यात आले. मला ते पटले होते, हे कबूल करतो. अंधेरीच्या रस्त्यांवर ट्रकांच्या धुरात आयुष्यभर पायडल मारलेल्या माणसाला पाण्याकाठच्या मोकळ्या वाटेचा मोह पडणार नाही तर काय होईल? परंतु पवईच्याच तंत्रशिक्षणसंस्थेतील संशोधक विद्यार्थी कोर्टात गेले. म्हणणे असे की, काठ म्हणजे रिकामी जागा नव्हे. पाणी जेथे चढते व उतरते, मगर जेथे अंडी घालते, तोच काठ. पाणथळ जागांविषयीचे 2017 चे नियमही पुराच्या रेषेपासून 50 मीटरांच्या आत कायमचे बांधकाम करू देत नाहीत. 6 मे 2022 रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता व न्यायमूर्ती मकरंद कर्णिक यांनी ते काम बेकायदा ठरवून, झालेले बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा हुकूम दिला.

पहिल्याने मी चिडलो. म्हातारपणी मिळू घातलेली वाट हिरावली गेली असे वाटले. नंतर एका पावसाळ्यात तलाव भरून वाहताना पाहिला. विहार आणि पवई यांचे सांडलेले पाणीच मिठी नदी होऊन शहरात उतरते, आणि 26 जुलै 2005 रोजी, सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, त्या नदीने काय केले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या पाण्याच्या वाटेत दगडांच्या पेट्या रचण्यास मी मनातल्या मनात अनुमती दिली होती!

माझ्या विद्यार्थ्याला मी बिवाचाच नकाशा उघडावयास सांगितले. तेथील वाट बहुतांशी गावांतून जाणाऱ्या जुन्याच रस्त्यांनी जाते. रस्त्याच्या कडेला निळे पट्टे व बाण रंगविले की झाला सायकलमार्ग. 2019 साली जपान सरकारने त्या वाटेला राष्ट्रीय सायकलमार्ग म्हणून मान्यता दिली. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड ह्या तीन देशांतून कॉन्स्टन्स सरोवराला वळसा घालणारी सुमारे 260 किलोमीटरची वाटही गावे, शेते व मळे यांच्यामधून जाते. पवईच्या दक्षिणेला जोगेश्वरी-विक्रोळीचा रुंद रस्ता आहेच. त्याच्या कडेची हातभर जागा सायकलींसाठी राखून निळा रंग दिला असता, तर कोणा मगरीने फिर्याद केली नसती. परंतु मोटारींकडून हातभर जागा मागण्यापेक्षा तळ्याकडून मागणे आम्हांस सोपे वाटले.

विद्यार्थ्याने नकाशा मिटला आणि विचारले, "सर, तुमच्याकडे पंक्चरची पेटी आहे का?" मी म्हटले, "मागून मोटार येणार आहे ना तुमच्या?" तो हसला, तरी पेटी घेऊन गेला.